जुना पोर्टेबल कॅसेट प्लेअर घरी दुरुस्त करणे : बेल्ट, वेग आणि सूर

मिरजेचा_षड्ज

सप्रेम नमस्कार. माझ्याकडे १९८० च्या दशकाच्या अखेरीस घेतलेला, दोन पेन्सिल सेलवर चालणारा जपानी बनावटीचा छोटा कॅसेट प्लेअर आहे. मी शास्त्रीय गायन शिकत असताना गुरुजींनी तालमीच्या वेळी ध्वनिमुद्रणाची परवानगी दिली होती आणि त्या काळच्या कॅसेट मी जपून ठेवल्या आहेत. त्या पुन्हा ऐकाव्यात, त्यांतल्या बंदिशी नीट उतरवून घ्याव्यात आणि पुढे माझ्या विद्यार्थ्यांना द्याव्यात, अशी मनापासून इच्छा आहे. मात्र अनेक वर्षे कपाटात पडून राहिलेला हा प्लेअर आता नीट चालत नाही.

लक्षणे अशी आहेत. नवे सेल घालून प्लेचे बटण दाबले की आत मोटर फिरल्याचा बारीक आवाज येतो, पण बहुतेक वेळा कॅसेटची चाके जागची हलत नाहीत. कधी हललीच, तर आवाज उतरलेल्या पट्टीत आणि हेलकावे खात येतो. कामाची नसलेली एक जुनी कॅसेट लावून पाहिली, तेव्हा टेप आत गुंतून बाहेर लोंबू लागली. सुदैवाने ती पेन्सिलीने परत गुंडाळता आली. सेलच्या खणातील एका स्प्रिंगवर निळसर पांढरी पूड जमली आहे. शिवाय डाव्या कानात आवाज येत नाही. हेडफोनची पिन थोडी फिरवली तर क्षणभर येतो आणि जातो.

आमच्याकडे पूर्वी रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त होत असत त्या दुकानांत आता मोबाइल दुरुस्त होतात आणि कॅसेट प्लेअर उघडायला कोणी तयार होत नाही. मला सोल्डरिंगची जुजबी माहिती आहे, हात बऱ्यापैकी स्थिर आहे आणि घाई अजिबात नाही. हे काम घरी होण्यासारखे आहे का, आणि असल्यास कोणत्या क्रमाने करावे? वेग अचूक आहे हे कसे ओळखावे, हा माझ्यासाठी सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण पट्टी बदलली तर तालमीच्या ध्वनिमुद्रणाचा अर्धा उपयोगच संपतो. गुरुजी काळी एकमध्ये, म्हणजे हार्मोनियमची पहिली काळी पट्टी सा धरून, गात असत; सध्या जे काही ऐकू येते ते जेमतेम पांढरी एकच्या, म्हणजे तिच्या लगतच्या खालच्या पट्टीच्या, आसपास आहे.


सुटेभाग

नमस्कार. काम घरी होण्यासारखे आहे. आपण वर्णन केलेली जवळजवळ सगळी लक्षणे यांत्रिक आहेत. त्यांपैकी एकाही लक्षणावरून आतील सर्किट बिघडले असेल असे वाटत नाही. या वयाच्या प्लेअरमध्ये इलेक्ट्रॉनिक भागांच्या आधी रबर दगा देते, हे गृहीत धरून सुरुवात करावी. एकच विनंती आधी करतो : दुरुस्ती आणि वेगाची तपासणी पूर्ण होईपर्यंत गुरुजींची एकही कॅसेट या प्लेअरमध्ये घालू नका. तपासणीसाठी टाकाऊ कॅसेटच वापरा.

काय बिघडले असावे हे समजण्यासाठी आतली रचना डोळ्यांसमोर असायला हवी. मोटरच्या छोट्या पुलीवरून एक बारीक रबरी बेल्ट निघतो आणि तो एका जड चाकाला, म्हणजे फ्लायव्हीलला, फिरवतो. या फ्लायव्हीलचा आस वर येऊन हेडच्या, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाच्या, शेजारी बाहेर पडतो. तोच कॅप्स्टन, गुळगुळीत पोलादाची दोनेक मिलिमीटर जाडीची काडी. प्ले दाबल्यावर पिंच रोलर नावाचा काळा रबरी रोलर या काडीवर टेकतो आणि दोघांच्या चिमटीतून टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने ओढली जाते. टेपचा वेग केवळ या चिमटीवर ठरतो. कॅसेटच्या चाकाकडे पुढे आलेली टेप गोळा करण्याएवढेच काम असते. आपल्या प्लेअरमध्ये मोटर फिरते पण कॅप्स्टन फिरत नाही किंवा अडखळत फिरतो, म्हणजे बेल्ट ढिला झाला आहे किंवा विरघळला आहे. टेप गुंतली, म्हणजे कॅप्स्टनने पुढे ढकललेली टेप गोळा करणारे चाक त्या वेळी मागे पडत होते. त्या चाकाला गती देणारे रबरी कडे गुळगुळीत झाले असेल, किंवा त्यालाही गती याच बेल्टवरून मिळत असेल.

आता क्रम सांगतो.

सर्वांत आधी सेलचा खण. निळसर पांढरी पूड ही अल्कलाइन सेलमधून गळलेल्या क्षाराची आहे. कापसाच्या काडीवर दोन थेंब पांढरे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन ती पूड विरघळवा, मग कोरड्या काडीने पुसा आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावा काढून टाका. पूड फुंकू नका आणि डोळ्यांना हात लावण्याआधी हात धुवा. स्प्रिंग आतून खाल्ली गेली असेल तर घासून चमकवण्यापेक्षा बदललेली बरी, कारण एकदा मुलामा गेला की गंज परत धरतोच.

त्यानंतर प्लेअर उघडा. जपानी स्क्रूंच्या फुलीची खाच नेहमीच्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाशी तंतोतंत जुळत नाही. टोक वर सरकते आणि खाच कुरतडली जाते. म्हणून योग्य मापाचे बारीक टोक घ्या आणि फिरवण्यापेक्षा दाब अधिक द्या. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. कागदावर प्लेअरची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी कागदात टोचून ठेवला की जोडताना लांब स्क्रू चुकीच्या भोकात जाऊन सर्किट बोर्डाला टेकण्याचा धोका राहत नाही. मागचे झाकण एका झटक्यात ओढू नका, कारण सेलच्या खणापासून किंवा हेडफोनच्या जॅकपासून आलेल्या नाजूक तारा त्याला जोडलेल्या असू शकतात. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने छायाचित्र काढा. विशेषतः बेल्ट कोणत्या पुलीच्या कोणत्या बाजूने गेला आहे याचे छायाचित्र काहीही हलवण्यापूर्वी घ्या.

बेल्ट विरघळलेला असेल तर तो डांबरासारखा चिकट झालेला आढळेल. हा काळा चिकटा बोटांना, कपड्यांना आणि टेबलाला लागला की लवकर निघत नाही, म्हणून हातमोजे घाला आणि खाली जुने वर्तमानपत्र पसरा. जाड थर दात कोरायच्या लाकडी काडीने काढा आणि उरलेला अल्कोहोलने. धातूचे टोक वापरू नका. पुलीवर पडलेला ओरखडा पुढे कायम आवाजात हेलकावा आणतो. अल्कोहोल इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारे ९९ टक्के शुद्धतेचे आयसोप्रोपिल असावे. हात स्वच्छ करण्याच्या सॅनिटायझरमध्ये पाणी आणि बहुधा ग्लिसरीनही असते, आणि नेलपॉलिश काढण्याच्या द्रवातील ॲसिटोनने प्लॅस्टिक विरघळते, म्हणून ही दोन्ही टाळा.

कॅप्स्टनच्या स्वच्छतेला सगळ्यात जास्त वेळ द्या. दोन मिलिमीटर व्यासाच्या काडीवर टेपच्या तपकिरी भुकटीचा किंवा रबराचा सभोवार केवळ ०.०२ मिलिमीटरचा थर बसला, तरी तिचा व्यास दोन टक्क्यांनी वाढतो आणि टेपचा वेगही तेवढाच वाढतो. ही काडी सेकंदाला साडेसातच्या आसपास फेरे घेते, त्यामुळे थर एकाच बाजूला असला तर प्रत्येक फेऱ्याला सूर थरथरतो. अल्कोहोलने भिजवलेली काडी कॅप्स्टनला टेकवून फ्लायव्हील बोटाने हळूहळू फिरवा आणि काडीवर तपकिरी रंग येणे थांबेपर्यंत काड्या बदलत राहा. हेडही याच पद्धतीने पुसा. पिंच रोलरचे रबर मात्र सौम्य साबणाच्या पाण्याने ओलसर केलेल्या कापडाने पुसून पूर्ण वाळवा. वारंवार अल्कोहोल लागल्यास काही रबरे कोरडी पडून तडकतात. नखाने दाबल्यावर रोलर किंचितही दबत नसेल, तर तो बदलणे हाच उपाय आहे.

मोटरच्या कडेला किंवा सर्किट बोर्डावर वेग बदलण्याचा छोटा स्क्रू दिसेल. त्याला अजून हात लावू नका. बेल्ट घसरत असताना वेग जुळवला, तर नवा बेल्ट बसताच तो पुन्हा चुकलेला असेल.


मिरजेचा_षड्ज

इतक्या सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. सेलचा खण स्वच्छ केला आणि प्लेअर उघडला. आपण म्हणालात तसेच निघाले : बेल्टचे तुकडे मोटरच्या पुलीवर काळ्या पाकासारखे गुंडाळले गेले होते. ते सगळे काढून पुली, फ्लायव्हील आणि कॅप्स्टन पुसून घेतले आहेत. टेप गोळा करणाऱ्या चाकाला गती फ्लायव्हीलच्याच दात्यांवरून मिळते असे दिसते, आणि ते दाते शाबूत आहेत.

आता बेल्टच्या मापाचा प्रश्न आहे. मूळ बेल्टचा आकार समजण्यासारखा राहिलेला नाही. छायाचित्रात दिसणाऱ्या मार्गाने शिवणाचा दोरा पुलींभोवती गुंडाळून मोजला, तेव्हा लांबी २२६ मिलिमीटर भरली. मोटरच्या पुलीला अरुंद खाच आहे आणि तिची रुंदी एक मिलिमीटरहून किंचित जास्त वाटते. इंटरनेटवर ६६, ६८ आणि ७० मिलिमीटर अशा आतील व्यासाचे बेल्ट विकायला आहेत. यांपैकी कोणता घ्यावा? सध्यापुरते चांगल्या प्रतीचे रबर बँड लावून चालेल का? आणि फ्लायव्हीलच्या आसाला तेल द्यावे का?


सुटेभाग

पुलीला खाच असेल तर बेल्ट चौकोनी छेदाचा असतो. पुली सपाट आणि दोन्ही बाजूंना कडा असलेली असेल तर चपटा. आपल्याला एक मिलिमीटरचा चौकोनी बेल्ट लागेल. बसवल्यावर तो पाच-सहा टक्के ताणला जावा या हिशेबाने त्याची मूळ लांबी मार्गाच्या लांबीपेक्षा तेवढी कमी असावी. २२६ मधून सहा टक्के वजा केले की २१२ मिलिमीटर उरतात. ६८ मिलिमीटर व्यासाच्या बेल्टचा परीघ साधारण २१३.६ मिलिमीटर होतो, म्हणून ६८ चाच घ्या. काही विक्रेते व्यासाऐवजी बेल्ट चपटा दुमडून मोजलेली लांबी देतात. ती आपल्या बाबतीत १०७ मिलिमीटरच्या आसपास येईल. अधिक घट्ट बेल्ट अधिक चांगला, असे मानू नये. जास्त ताणामुळे मोटरच्या आसावर एका बाजूने भार येतो, सेल लवकर संपतात आणि हेलकावेही वाढतात.

रबर बँड लावू नका. त्याची जाडी सगळीकडे सारखी नसते, आणि जाड भाग पुलीवरून जाताना प्रत्येक वेळी वेग बदलतो. आपल्याला सूर ऐकायचा आहे, तेव्हा ही गोष्ट आपल्याला इतरांपेक्षा आधी जाणवेल. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सुट्या भागांच्या ज्या दुकानांत जुना माल शिल्लक आहे, तिथे मापाने बेल्ट मिळू शकतात. मात्र वर्षानुवर्षे पुडीत पडून राहिलेला बेल्ट घेताना तो ताणून सोडून पाहा. तो तत्काळ मूळ आकारात आला नाही किंवा त्याच्या पृष्ठभागावर बारीक भेगा दिसल्या तर घेऊ नका.

तेलाबाबत : फ्लायव्हील बोटाने फिरवून सोडल्यावर ते सहज फिरत राहत असेल तर तेल देऊ नये. अडखळत असेल तर आस हलकेच बाहेर काढावा, तो आणि त्याचा बेअरिंगचा भाग पुसावा आणि सुईच्या टोकावर मावेल एवढेच शिलाई मशीनचे तेल आसाला लावावे. आस बाहेर काढताना त्यावरची छोटी प्लॅस्टिकची चकती हरवणार नाही याची काळजी घ्या. ती तेल वर चढून टेपपर्यंत जाऊ नये यासाठीच असते. खोबरेल तेल काही महिन्यांत चिकट होते, आणि गंजलेले स्क्रू सुटण्यासाठी मारतात तो फवारा थेट रबरावर उडतो. या दोन्हींचा इथे उपयोग नाही.


कोमल_धैवत

वेगाच्या प्रश्नावर मला सविस्तर लिहायचे आहे, कारण गाणाऱ्यांच्या दृष्टीने हा कळीचा मुद्दा आहे आणि बहुतेक जण तो अंदाजाने सोडवतात.

आधी हिशेब. हार्मोनियमच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधला फरक वारंवारितेच्या भाषेत जवळजवळ सहा टक्क्यांचा असतो. काळी एकचे ध्वनिमुद्रण पांढरी एकमध्ये ऐकू येत असेल, तर प्लेअर सुमारे सहा टक्के मंद चालतो आहे. नवा बेल्ट बसल्यावर यातील बराचसा फरक आपोआप भरून निघेल. उरलेला एक-दोन टक्क्यांचा फरक स्क्रूने जुळवावा लागेल. तो कानाने, घरच्या हार्मोनियमशी ताडून जुळवू नका. जुन्या हार्मोनियमची मूळ पट्टीच प्रमाण पट्टीपेक्षा थोडी चढी किंवा उतरलेली असू शकते, आणि त्या दिवशी गुरुजींनी तानपुरा नेमका कोणत्या बिंदूवर मिळवला होता हे आज सिद्ध करता येत नाही. काळी एकमध्ये गाणारा गायकही एखाद्या दिवशी काळी एकच्या किंचित खाली स्वर लावतो.

म्हणून मोजमाप सुरांवर न करता थेट टेपवर करावे. कॅसेटच्या टेपचा प्रमाण वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर आहे, याचा अर्थ ४.७६ मीटर टेप सरकायला बरोबर १०० सेकंद लागले पाहिजेत. स्क्रूने जोडलेली एखादी टाकाऊ कॅसेट उघडा. तीत सलग गाणे भरलेले असावे. स्वच्छ फरशीवर मोजपट्टी ठेवून त्या टेपचा ४.७६ मीटरचा तुकडा कापा. टेप ताणू नका, नुसती सरळ करा. कॅसेटच्या सुरुवातीला आणि शेवटाला जी पारदर्शक किंवा रंगीत कोरी पट्टी असते, ती या तुकड्याच्या दोन्ही टोकांना जोडा. जोडण्यासाठी टेप जोडण्याची खास चिकटपट्टी मिळाली तर उत्तम. नेहमीच्या चिकटपट्टीचा गोंद कडेने झिरपतो, म्हणून ती वापरावीच लागली तर कडा नेमक्या कापून हे काम उरकताच ती कॅसेट बाजूला टाका. आता ही कॅसेट लावली की गाणे सुरू होण्याचा आणि तुटण्याचा क्षण स्पष्ट ऐकू येतो. मोबाइलच्या स्टॉपवॉचवर १०० सेकंद आले तर वेग बरोबर आहे, १०३ आले तर प्लेअर सुमारे तीन टक्के मंद आहे आणि ९८ आले तर दोन टक्के जलद आहे. बटण दाबण्यात अर्ध्या सेकंदाची गफलत झाली तरी निष्कर्ष अर्ध्या टक्क्याच्या आतच राहतो. खास तपासणीच्या कॅसेट मिळतात, त्यांत ३००० किंवा ३१५० हर्ट्झचा एकच स्वर भरलेला असतो आणि मोबाइलवरील ट्यूनर ती वारंवारिता आकड्यात दाखवतो. ३००० हर्ट्झच्या कॅसेटवर ३० हर्ट्झचा फरक म्हणजे एक टक्का. पण आपल्याकडे अशी कॅसेट नसताना वरील युक्ती पुरेशी आहे.

स्क्रू जुळवण्यापूर्वी प्लेअर दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवा, म्हणजे मोटर तिच्या नेहमीच्या तापमानाला येते. सेल नवे असावेत. स्क्रू फिरवायला शक्यतो प्लॅस्टिकच्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर घ्या, आणि घड्याळाचा मिनिटकाटा पाच मिनिटांत जेवढा सरकतो त्याहून जास्त एका वेळी फिरवू नका. मोजण्याचा तुकडा एकदा रिकाम्या चाकाशी आणि एकदा भरलेल्या चाकाशी चालवून पाहणे चांगले, कारण चाकावरचा भार बदलल्यावर दुबळ्या मोटरचा वेग बदलतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. आपला प्लेअर अचूक चालू लागला तरी गुरुजींचा स्वर काळी एकवर येईलच असे नाही, कारण ज्या टेपरेकॉर्डरवर तालीम भरली गेली तो त्या दिवशी अचूक चालत होता याची खात्री नाही. तो सेलवर चालत असेल आणि तालमीच्या ओघात सेल उतरत गेले असतील, तर भरताना टेप मंदावत गेली असेल. अशी कॅसेट योग्य वेगाने वाजवली की षड्ज (सा) शेवटाकडे हळूहळू चढत गेलेला ऐकू येतो. तानपुरा मध्येच मिळवलेला नसताना सुरुवातीचा आणि अखेरचा षड्ज ताडून पाहिला की हे उघड होते. टेपरेकॉर्डर विजेवर चालत असेल, तर शांत जागी ५० किंवा १०० हर्ट्झची बारीक गुणगुण टेपवर उतरलेली असते आणि तिच्यावरूनही मूळ वेगाचा अंदाज बांधता येतो. मात्र त्या काळी आपल्याकडे विजेच्या मागणीनुसार ही वारंवारिता ५० च्या खाली घसरत असे, तेव्हा तो अंदाज ढोबळच समजावा. अशा कॅसेटसाठी प्लेअरचा स्क्रू पुन्हा पुन्हा हलवू नका. प्लेअर प्रमाण वेगावर कायम ठेवा आणि पट्टीची दुरुस्ती संगणकावर उतरवल्यानंतर करा. मूळ प्रत जशीच्या तशी जपून ठेवून दुरुस्ती तिच्या नकलेवर केली, की उद्या कोणाला वेगळा निर्णय घ्यावासा वाटला तरी वाट मोकळी राहते.


राजापूरची_सर

कोकणात राहत असल्याने एका गोष्टीकडे लक्ष वेधते. प्लेअर दुरुस्त झाल्यावर कॅसेट लावण्यापूर्वी प्रत्येक कॅसेट उजेडात धरून तिच्या खिडकीतून आत पाहा. टेपच्या गुंडाळीवर पांढरट, पिठासारखे ठिपके किंवा जाळी दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट वाजवली की बुरशीचे कण हेडवर आणि पिंच रोलरवर बसतात आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जातात. शिवाय गुंडाळीचे वेढे एकमेकांना चिकटलेले असतील तर प्लेअरच्या ओढीने टेप ताणली किंवा तुटली जाते. ९० मिनिटांच्या कॅसेटची टेप ६० मिनिटांच्या कॅसेटपेक्षा पातळ असते, त्यामुळे तिथे हा धोका अधिक आहे.

अशा कॅसेट वेगळ्या ठेवा, तोंडाला मास्क लावून मोकळ्या हवेत उघडा, आणि टेप हाताने अगदी सावकाश एका चाकावरून दुसऱ्या चाकावर घेत मऊ, कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडातून सरकवा. कवच खराब झाले असेल तर टेपची दोन्ही चाके स्क्रू असलेल्या दुसऱ्या कॅसेटच्या कवचात बसवता येतात. हेडसमोर टेपला मागून दाबून धरणारी नमद्याची छोटी गादीही पाहा; तिचा गोंद सुकून ती गळून पडलेली असते आणि मग प्लेअर उत्तम असूनही आवाज दबका व तुटक येतो. टाकाऊ कॅसेटमधली गादी पट्टीसकट काढून तिथे बसवता येते.


फीत_आणि_रीळ

वरील सल्ला योग्य आहे, पण एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. गुरुजींच्या कॅसेट संगणकावर उतरवण्यासाठी हा छोटा प्लेअर वापरू नये. खिशात मावावे म्हणून यात फ्लायव्हील लहान आणि हलके ठेवलेले असते, त्यामुळे कितीही नीट दुरुस्त केले तरी वेगाचा सूक्ष्म हेलकावा घरात ठेवायच्या चांगल्या डेकपेक्षा, म्हणजे मोठ्या कॅसेट यंत्रापेक्षा, जास्तच राहतो. लांब आलापात ठेवलेल्या षड्जावर तो कळतो. बाजारात मिळणारे नवे स्वस्त प्लेअर हा त्यावरचा पर्याय नाही, कारण त्यांतील बहुतेक एकाच जुन्या साध्या यंत्रणेच्या नकलेवर उभे आहेत. ओळखीत कोणाकडे दोन हेवी फ्लायव्हीलचा नसला तरी बऱ्या स्थितीतला डेक असेल, तर त्याचीही अशीच स्वच्छता करून उतरवण्याचे काम त्यावर एकदाच करावे आणि रोजच्या ऐकण्यासाठी हा प्लेअर ठेवावा. उतरवताना २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल करावी. एमपी३ नंतर केव्हाही करता येते.

प्लेअर कोणताही असो, प्रत्येक कॅसेटसाठी हेडचा कोन तपासावा लागेल. हेडच्या एका बाजूला स्प्रिंग असलेला स्क्रू असतो आणि त्याने हेड टेपच्या संदर्भात किंचित तिरके किंवा सरळ होते. ज्या यंत्रावर टेप भरली त्याच्या हेडचा कोन आणि आपल्या हेडचा कोन जुळला नाही, तर वरच्या वारंवारिता हरवतात. स्क्रूच्या मूळ स्थितीवर रंगाची खूण करा, दोन्ही कानांचा आवाज एकत्र करून ऐका आणि पाव फेऱ्याच्या आत सावकाश फिरवत तबल्याच्या चाटेचा (काठावरच्या आघाताचा) आवाज सर्वांत टोकदार कुठे होतो ते शोधा. आपण तानपुरे बनवणाऱ्या मिरजेचे आहात, तेव्हा तानपुऱ्याची जवार, म्हणजे तारांचा झंकार, कानात बसलेली असणारच. कोन जुळला की ती एकदम खुलते आणि कोन चुकला की तानपुरा लोकरीत गुंडाळल्यासारखा येतो.


मिरजेचा_षड्ज

६८ मिलिमीटरचा बेल्ट बसवला. ४.७६ मीटरचा तुकडा १०२ सेकंदांत सरकत होता. स्क्रू किंचित फिरवल्यावर १०० वर आला आणि चाक भरलेले असतानाही तिथेच राहतो. डेकचा सल्ला पटला. गुरुबंधूंकडे एक डेक आहे. तो आणून उतरवण्याचे काम त्यावरच करीन. दोन कॅसेटवर पांढरे ठिपके दिसले, त्या वेगळ्या काढून ठेवल्या आहेत. आता डाव्या कानाचा प्रश्न तेवढा राहिला आहे. तसेच प्लेअरवर टेपच्या प्रकारासाठी नॉर्मल आणि मेटल असा एक खटका आहे, तो कुठे ठेवावा?


सुटेभाग

खटका नॉर्मलवर ठेवा. तालमीसाठी त्या काळी वापरल्या जाणाऱ्या साध्या कॅसेटना तीच जागा योग्य आहे; मेटलवर ठेवल्यास वरचे स्वर दबतात. गुरुबंधूंच्या डेकमध्ये ध्वनिमुद्रणाची सोय असणार, म्हणून प्रत्येक कॅसेटच्या पाठीच्या कडेवरील दोन्ही छोटे प्लॅस्टिकचे तुकडे मोडलेले आहेत ना, हे त्यात घालण्यापूर्वी पाहून घ्या. ते शाबूत असतील तर आधी मोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचे बटण दाबले गेले तरी तालीम पुसली जाणार नाही.

डाव्या कानासाठी आधी दुसरा हेडफोन लावून पाहा. तरीही तसेच होत असेल, तर जॅक सर्किट बोर्डाला जिथे जोडला आहे तिथली सोल्डर पिन हलवून हलवून बहुधा तडकली असावी. भिंगातून पाहिल्यास पिनेभोवती केसासारखे काळे वर्तुळ दिसेल. सेल काढा, २५ वॅटची बारीक टोकाची सोल्डरिंग आयर्न घ्या, पिनेला थोडा फ्लक्स (सोल्डर नीट पसरावे म्हणून लावायचा लेप) लावा आणि जुने सोल्डर वितळवून त्यात अगदी थोडे नवे मिसळा. आयर्न दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, नाहीतर बोर्डावरची तांब्याची पट्टी उचलली जाते. शेजारच्या दोन पिनांनाही असाच हात फिरवा, कारण एक तडकली असेल तर इतरांवरही तेवढाच ताण आलेला असतो. जॅकच्या आतील पाकळ्या काळवंडल्या असतील तर अल्कोहोलने ओलसर केलेली पिन चार-पाच वेळा आत-बाहेर करा. मागचे झाकण बंद करण्याआधी टाकाऊ कॅसेट लावून पिन सगळ्या बाजूंनी फिरवून पाहा, आणि आवाज कुठेही तुटत नसेल तरच स्क्रू आवळा.